चाकाखालची नोटीस

।। श्री ।।

वर्तकनगर, ठाणे
२९ जून २०२५

चि. गुरुदत्त यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ठरल्याप्रमाणे मीच आधी लिहितेय. मे महिन्यात आपण दोघं फोनवर एकमेकांवर ओरडलो, आई दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती आणि संध्याकाळी तिचं बी.पी. एकशेऐंशीवर गेलं. बिल्डिंगचा विषय फोनवर काढायचा नाही, काय ते लिहायचं, हे आपण त्याच दिवशी ठरवलं. बरंच झालं. पत्रात आवाज चढत नाही. माझं लग्न झालं तेव्हा घरी फोन नव्हता म्हणून आपण लिहायचो, आता दोन-दोन फोन आहेत म्हणून लिहितोय. पाच रुपयांचं पाकीट आणि चार दिवस, एवढ्यात मनातलं सगळं ठाण्याहून ठाकुर्लीला पोचतं, स्वस्तच म्हणायचं.

परवा तुझ्या अंतराशी बोलताना तिच्या तोंडून निसटलं की सकाळी पोह्यांवर छताचा चुना पडला. तिने लगेच विषय बदलला. मग आईकडून कळलं की मोरीचं दार अडकलं आणि ती वीस मिनिटं आत उभी होती, शेवटी तू खांदा लावून उघडलंस. आई हसत सांगत होती. मला मात्र हातातला कप खाली ठेवावा लागला. गुरू, दार पावसाने फुगतं हे मलाही माहीत आहे. पण चौकट वाकडी होते तेव्हाही दार अडकतं.

महापालिकेची नोटीस आली होती ना? तिचं काय केलंस? आणि त्या खोलीत तू ते जुने टीव्ही किती जमवलेस? आई म्हणते सात, तिची नात दिशा म्हणते नऊ. एकेक धूड चाळीस किलोचं. इमारत धोकादायक म्हणून जाहीर झाल्यावर माणसं सामान कमी करतात. तू वाढवतोयस.

तू म्हणशील, ताईचं जग पुन्हा बुडालं. कबूल आहे. दोन हजार साल उजाडताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून मी पीसीओवरून फोन करून तुम्हाला हंडे-कळशा भरून ठेवायला लावल्या होत्या आणि नळाला नेहमीसारखं पाणी आलं होतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्या बाईच्या भीतीला घरात किंमत नसते. पण या वेळी मी काही कल्पना लढवलेली नाही, फक्त तुम्ही सांगितलेलं जोडलंय.

इकडे सगळे ठीक. ह्यांची साखर ताब्यात आहे. घरखर्चाबद्दल माझं जुनं मत पक्कं होत चाललंय: खर्च कधी कमी होत नाही, तो फक्त या कप्प्यातून त्या कप्प्यात जातो. गॅस वाचवला की तेवढेच औषधाला जातात.

लोभ आहेच, तो वाढवायची गरज नाही. तेवढं घर बदलायचं बघ.
तुझी
ताई

—

ठाकुर्ली
६ जुलै २०२५

ती. रुपालीताईस,
शि. सा. न. वि. वि.

बघ, एवढं सगळं आठवून लिहिलंय. चुकलं असेल तर लाल पेनाने दुरुस्त कर.

बिल्डिंग उभी आहे. मी तिच्यातच बसून लिहितोय. नोटिशीचं असं झालं की तळमजल्यावरच्या पोपटकाकांनी आधीच बैठक घेतलेली. त्यांचं म्हणणं, नोटीस हातात घेऊन सही केली की ती आपल्याला लागू होते. घेतलीच नाही तर आलीच नाही. म्हणून शिपाई आला त्या दिवशी बाराच्या बारा घरांना आतून कड्या. आई तर टीव्हीचा आवाजही बंद करून बसलेली. तो बिचारा तासभर दारं वाजवून शेवटी प्रत्येक दारावर चिकटवून गेला. ती आम्ही काढली, पण वाचली कोणीच नाही. वाचली की घेतल्यासारखं होतं, असं काकांचं मत.

हसू नकोस. आपल्याकडे दुसरा कागद आहे कुठे? बाबांनी शहाऐंशी साली काळुराम शेठकडून खोल्या घेतल्या त्या शंभराच्या स्टॅम्पवर. शेठ अजूनही भेटला की प्रेमाने विचारपूस करतो आणि जाताना म्हणतो की जायचं तर जा, पण जो गेला तो गेला. कुलूप लावून गेलेल्याला नवीन बिल्डिंगमध्ये काय मिळणार? आईचं वेगळंच आहे. एकोणचाळीस वर्षं गणपती त्याच कोपऱ्यात बसतोय, या वर्षीही तिथेच बसेल, नंतर बघू म्हणते.

टीव्ही नऊच. दिशाचं गणित आईपेक्षा चांगलं आहे. जुना गेम नवीन पातळ टीव्हीवर लावला की मेलेला दिसतो. पिक्चर ट्यूबवर कसा थरथरत जिवंत दिसतो. आणि ते गेम प्रामाणिक होते, ताई. तीन जीव मिळायचे, मेलास तर तुझ्या चुकीने. आताचे गेम मध्येच थांबवून पैसे मागतात. नोकरी सीसीटीव्हीची असली तरी हे दुरुस्त करून महिन्याला चार-पाच हजार सुटतात, त्यातून दिशाचा क्लास निघतो.

बाबांचा मोठा टीव्ही मात्र विकणार नाही. आठवतं? ते यानाचा गेम खेळायचे, दगड चुकवत जायचा. मशीन बंद केलं की आकडा पुसला जायचा म्हणून ते टीव्हीच्या पाठीवर बॉलपेनने स्कोअर लिहून ठेवायचे, खाली तारीख आणि ऑफिसात करतात तशी सही. शेवटचा आकडा मला अजून ओलांडता आलेला नाही. खरं सांगू, दोनदा जवळ गेलो आणि मुद्दाम दगडावर आदळलो.

तुझ्यासाठी एक गंमत. त्या टीव्हीची चाकांची ट्रॉली हल्ली आपोआप बाल्कनीकडे सरकते. सकाळी भिंतीला लावावी तर संध्याकाळी वीतभर पुढे. तुझ्या कथेतल्या यंत्रासारखी. अंतरावर संशय होता, ती केर काढताना ढकलते म्हणून. शेवटी चाकाखाली कागदाची घडी सारून ठेवली, आता गप्प आहे.

दाजींना नमस्कार. ऋतुराजला म्हणावं, मामाने विचारलंय.
आशीर्वाद असू दे, भीती ठाण्यातच ठेव.
तुझा
गुरू

—

वर्तकनगर, ठाणे
११ जुलै २०२५

चि. गुरुदत्त यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. ट्रॉलीची गंमत मी तीनदा वाचली आणि मग मला जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं डोकं दुखतंय.

अरे, ट्रॉलीला काय कळतं? ती उताराकडे जाते. गेली तीस वर्षं ती भिंतीला उभी होती आणि आता जाते, म्हणजे उतार आता झालाय. बाल्कनीची बाजू खाली चाललीय, गुरू. हे तू विनोद म्हणून लिहिलंस याचीच मला जास्त भीती वाटते. तू मशीनमधला माणूस. दुसऱ्या कोणाच्या घरी हे पाहिलं असतंस तर त्याला हात धरून खाली आणलं असतंस.

मी कथा लिहिते त्यात जग एका स्फोटात संपत नाही, हे तुला कंटाळवाणं वाटायचं. पण मला तेच खरं वाटतं. आधी दार अडकतं. मग कोणीतरी दार तासून घेतं. मग दुसरं काहीतरी होतं आणि त्यालाही कागदाची घडी मिळते. विज्ञानकथांतलं मला एकच खटकतं, यानात हजार वर्षांचा प्रवास चालतो पण भांडी कोण घासतं, दळण कोण आणतं हे कुणी लिहीत नाही. संकट आलेलं सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. पोह्यात चुना अंतराला दिसला, तुला नाही.

आता मी सांगते ते कर. एक लिंबू घे. गोल, ताजं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेव, मग बाहेरच्या खोलीत मधोमध ठेव, मग बाल्कनीच्या दाराशी. काय होतं ते मला लिही. थट्टा करायची तर कर, पण आधी लिंबू ठेव. आणि चाकाखाली घातलेला कागद किती जाड आहे तेही लिही, म्हणजे मला कळेल किती सरकतंय.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला फक्त विचार की गणपतीआधी आठ दिवस कुठे राहून रंगकाम करून घेऊ या का. रंगासाठी ती कदाचित हलेल.

रात्रभर पाऊस वाजला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. इथून ठाकुर्ली दिसत नाही हे माहीत असूनही.

उत्तराला उशीर करू नकोस, एवढाच लोभ दाखव.
तुझी
ताई

—

ठाकुर्ली
२० जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो आणि उठलो.

लिंबू दिशाने ठेवलं. पहिल्यांदा घरंगळत गेलं तेव्हा ती खूप हसली, व्हिडिओ काढते म्हणाली. दुसऱ्यांदा उंबऱ्यावरून सोडलं, ते दोन्ही खोल्या ओलांडून बाल्कनीच्या जाळीला जाऊन लागलं. तिसऱ्यांदा तिने ठेवलंच नाही. लिंबू उचलून फ्रिजमध्ये ठेवलं आणि अभ्यासाला बसली. त्या दिवसापासून ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला जात नाही. मीही तिला पाठवत नाही.

मोरीचं दार सुताराकडून अर्धा इंच तासून घेतलेलं, आठ दिवसांत पुन्हा अडकलं. तू लिहिलंस तसंच. पंधरा वर्षं मी लोकांच्या भिंतींवर कॅमेरे लावले, ड्रिल मारल्यावर भिंत चांगली की पोकळ ते आवाजावरून सांगतो. परवा घरी कोणी नसताना बाल्कनीजवळच्या कॉलमवर हातोडीचा दांडा मारून बघितला. टरबूज वाजतं तसं वाजलं. ताई, मला भीती वाटते. रोज सकाळी कामावर निघताना तिघींकडे वळून बघतो आणि दिवसभर दर तासाला कसल्या तरी निमित्ताने फोन करतो. अंतराला वाटतं मला काहीतरी झालंय.

टीव्ही आठ विकले. मिळेल त्या भावात. बाबांचा राहिला. चाकाखाली काय घातलंय विचारलंस. तीच नोटीस. चार घड्या पुरेनात, आता सहा केल्यात.

भाड्याचं बघतोय. डोंबिवलीत दोन खोल्यांना बारा हजार आणि पन्नास डिपॉझिट. आंबिवलीला आठ, पण तिसरा मजला, आईला जिना जमायचा नाही. तिकडे खडवलीला एक जण साडेपाचात देतो, तिथून दिशाच्या कॉलेजला जायला दीड तास. आणि हे सगळं करून इथली जागा सोडल्याचा ठपका येणार तो वेगळाच.

एक लिहू का? तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून वाचली. मेमध्ये फोनवर बोललीस तेही आठवलं. तू प्रत्येक वेळी निघ म्हणतेस. लवकर निघ, उद्या निघ. पण ये असं एकदाही म्हटलं नाहीस.

राग नाही. तुझं घर केवढं ते मला ठाऊक आहे. फक्त दिसलं म्हणून लिहिलं.

आईचा तुला आशीर्वाद. ती अळूवड्या पाठवणार होती, पत्रात मावत नाहीत.
तुझा
गुरू

—

वर्तकनगर, ठाणे
२४ जुलै २०२५

चि. गुरू,
आशीर्वाद कोणत्या तोंडाने देऊ?

तुझं शेवटचं वाक्य खरं आहे. मी ये म्हटलं नाही. विसरले नव्हते. मी हिशेब केला होता.

मे महिन्यातच केला. बसून, पेनाने. चार माणसं वाढली तर सिलिंडर पंचवीस दिवसांऐवजी तेरा दिवस जाईल. ऋतुराज बाहेरच्या खोलीत टेबल लावून घरूनच नोकरी करतो, त्याला दिवसभर शांतता लागते. संडास एक. आई माझ्या हातचं खाईल, पण ह्यांच्या बिनमिठाच्या भाजीवर बोलेल, मग हे बोलतील. मी सगळं मांडलं आणि खाली बेरीज केली आणि वही मिटली. वर तुला निघायला सांगत राहिले. आपलं दार लावून घेऊन शेजाऱ्याला आग लागली, पळ म्हणून ओरडावं तसं. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात इतरांच्या मुलांचे दाखले लिहिले, आणि भावाला एक ओळ लिहायला मला दोन महिने लागले.

हे फोनवर सांगायला मी दोनदा फोन लावला. एकदा आईने घेतला. दुसऱ्यांदा तूच घेतलास आणि मी पाऊस किती आहे विचारून ठेवून दिला. लाज वाटली रे.

ये. चौघंही या. उद्या या. ह्यांना सांगून झालंय. ते म्हणाले, यात विचारायचं काय होतं. ऋतुराजचं टेबल आमच्या खोलीत हलवलंय. बेरीज मी खोडून टाकली, तरी तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आता दुसरं. चाकाखालची नोटीस काढ आणि वाच. शेवटपर्यंत. मी आयुष्यभर नोटिसा टाइप केल्यात. पहिल्या पानावर सगळी धमकी असते, कामाची ओळ नेहमी शेवटच्या पानावर असते. पोपटकाकांना म्हणावं, न वाचल्याने भिंत थांबत नाही. वाचताना ट्रॉली कोणीतरी धरून ठेवा.

तुझं हातोडीचं वाचल्यापासून माझ्या छातीत तो आवाज बसलाय. हे पत्र तुला मिळेपर्यंतचे चार दिवस मी कसे काढणार आहे ते मलाच माहीत. देवाला एवढंच सांगितलंय की पोस्टमन आधी पोचू दे.

वाट बघते.
ताई

—

(हस्ते: आई)
ठाकुर्ली
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

ती. रुपालीताईंस,
अंतराचा सा. नमस्कार.

आई आणि दिशा रिक्षाने येत आहेत. ही चिठ्ठी आईंच्या पिशवीत ठेवतेय, कारण आई स्वतः काही सांगणार नाहीत आणि दिशा रडेल.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. यांनी वाचलं आणि मग मला वाचायला दिलं. ताई, तुम्ही हिशेबाचं लिहिलंत त्याचं मला काही वाटलं नाही. मीही केला असता. वाईट एवढंच वाटलं की तुम्ही एकट्या बसून केलात.

आज सकाळी यांनी नोटीस काढायचं ठरवलं. मी आणि दिशाने ट्रॉली दोन्ही बाजूंनी धरली. आई पलीकडे विळीवर गवार चिरत होत्या. यांनी चाकाखालून कागद ओढला आणि ट्रॉली आमच्या हातातून निसटली. आम्ही जोर लावूनही. हळूहळू निघाली आणि मग वेगाने, तो एवढा मोठा टीव्ही घेऊन सरळ बाल्कनीच्या जाळीवर जाऊन आदळली. जाळी वाकली. 

आईंनी विळी मिटली. हात धुतले. देव्हाऱ्यातले देव एकेक करून ताम्हनात घेतले, वरून त्यांच्या लग्नातलं लाल फडकं बांधलं, आणि चप्पल न घालता जिना उतरायला लागल्या. मी मागे धावले. आम्ही इतके दिवस सांगत होतो तेव्हा हलल्या नाहीत, आणि आता स्वतःहून निघाल्या.

खालच्या पायरीवर पोपटकाका बसले होते. त्यांनी विचारलं, वहिनी, देव घेऊन कुठे? आईंनी एवढंच सांगितलं की मी त्यांना इथे ठेवणार नाही. काका उभे राहिले. नोटीस आली तेव्हा ज्यांनी आतून कड्या लावल्या ते सगळे आता दारं उघडून आईंच्या हातातलं ताम्हन बघत होते. दुपारपर्यंत पाच घरांचे देव खाली आले आणि त्यांच्यामागे माणसं. काळुराम शेठच्या पत्नी ठमाबाईंनी घरून सगळ्यांना चहा पाठवला.

मग अंगणात यांनी नोटीस मोठ्याने वाचली. तुमचं बरोबर होतं. शेवटच्या पानावर आहे की रहिवाशांनी अर्ज केला तर प्रभाग कार्यालय खोल्या मोजून दाखला देईल, आणि जागा खाली केली म्हणून हक्क जाणार नाही. तो कागद महिन्याहून अधिक आमच्या चाकाखाली होता.

नोटिशीवरच्या नंबरावर लगेच फोन केला, मोजायला माणूस मंगळवारी येणार. तोवर यांना इथे थांबायला हवं, म्हणून मीही थांबतेय. झोपायला ठमाबाईंच्या पडवीत जाऊ, बिल्डिंगमध्ये नाही. तरी मंगळवारी मोजताना यांना वर जावंच लागेल. तेवढ्या वेळासाठी तुम्ही देवाजवळ दिवा लावा. देव तुमच्याकडेच आहेत.

आईंची गोळी सकाळ-संध्याकाळ, पांढरी आधी.
तुमची
अंतरा

—

वर्तकनगर, ठाणे (बाहेरची खोली)
१५ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

हे पत्र तुला तांदळाच्या डब्यात मिळेल. पोस्टाचे पाच रुपये वाचले. दहा दिवस एका घरात राहून मी तुला पत्र लिहितोय, पण हे तोंडाने सांगता येणार नाही, आणि आई सगळं ऐकते.

काल माझ्या पँटच्या खिशात तुला स्क्रूड्रायव्हर सापडला. तू तो धुऊन, पुसून मिक्सरच्या शेजारी ठेवलास. विचारलं काहीच नाहीस. म्हणून सांगतो.

दाखला मिळाला, तुम्ही सगळे निश्चिंत झालात. पण मला झोप लागेना. टीव्ही वरच राहिला होता, वाकलेल्या जाळीला टेकून. तो आणता येणार नाही हे मला कळत होतं. पण पाठीचं झाकण सहा स्क्रूंचं असतं. दहा मिनिटांचं काम. झाकण काढायचं, पिशवीत घालायचं, बाबांचं अक्षर घरी आणायचं. बाकीची घरंही खाली करून पोलिसांनी पट्टी लावली होती, पण मागच्या बाजूने जाता येत होतं. काल गुरुवारी जायचं ठरवलं. तुला सांगितलं की डोंबिवलीला एका दुकानात कॅमेरे लावायचेत. खोटं होतं. दहा वाजून बारा मिनिटांची गाडी धरणार होतो, सव्वाअकराला खोलीत पोचलो असतो.

निघता निघता तू मला कोथिंबीर आणून देऊन मग जा म्हणालीस. मी कोपऱ्यावरून चाळीसला जुडी आणली. तू ती उलटीसुलटी केलीस, आत पिवळी पानं दाखवलीस आणि म्हणालीस की ही लूट आहे, परत कर आणि पुढच्या नाक्यावरच्या शेवंतीबाईंकडून पंचवीसला आण. मी पंधरा रुपयांसाठी किती चिडलो ते तुला माहीत आहे. मनात काय काय बोललो ते माहीत नाही, आणि ते लिहीत नाही. कोपऱ्यावरचा परत घेईना, त्याच्याशी भांडून पैसे परत घेतले. पाऊस आला, आडोशाला थांबलो. शेवंतीबाईंनी अर्धा तास गप्पा मारल्या. गाडी गेली. म्हटलं उद्या जाऊ.

ओल्या पिशवीसह घरात आलो तेव्हा दिशा फोन हातात धरून दारात उभी होती. अकरा वीसला बाल्कनीची बाजू खाली आली. वरपासून खालपर्यंत, आमच्या दोन्ही खोल्यांसकट. पोपटकाका समोर टपरीवर चहा पीत होते. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बातमीत म्हणाले की आत कोणीच नव्हतं, आणि आईने हात जोडले, आणि तू माझ्याकडे बघून हसलीस. मी कोथिंबीर निवडायला घेतली.

आत एक जण असणार होता, ताई.

दिवसभर मला त्या स्क्रूंचाच विचार येतो. चौथा काढत असतो की पाचवा.

आईला आणि अंतराला यातलं काही कळता कामा नये. वाचून झालं की गॅसवर जाळ. मी तुझ्या काटकसरीची आयुष्यभर थट्टा केली. चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळतेस म्हणून, पिशव्या धुऊन वाळत घालतेस म्हणून. यापुढे कधी केली तर या पत्राची आठवण करून दे, जाळलेलं असलं तरी.

बाबांचं अक्षर गेलं. आकडा मला पाठ आहे: ६१,४४०, तारीख ९ मे १९९२. तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. तुझं अक्षर त्यांच्यासारखंच आहे, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि कोथिंबिरीचे उरलेले पंधरा रुपये तू कालपासून दोनदा मागितलेस. ते मी देणार नाही. माझ्या शर्टाच्या खिशात आहेत, तिथेच राहू दे.

तुझा
गुरू